दादोबा पांडुरंग आणि शब्दांचे सांधे

मराठी व्याकरणाचा तास म्हटला म्हणजे पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कपाळास आठी पडते, ही गोष्ट शिक्षकांच्या ध्यानात येत नाही असे नाही. संधी सोडवा, समास ओळखा, विग्रह करा, या आज्ञा मुलांना एखाद्या जुन्या करासारख्या वाटतात. तो कोणी बसविला हे कोणास ठाऊक नसते, पण भरावा मात्र लागतो. ज्या पुरुषाने आपल्या भाषेच्या अशा नियमांची पहिली मोठी घडी बसविली त्याचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी भाषेचा पाणिनी या पदवीने त्यांचा गौरव होत आला आहे. पदव्या देणे सोपे असते. त्यांच्या मागचे कष्ट पाहिले म्हणजे तिचा अर्थ कळतो. म्हणून, मुलामुलींनो, या चरित्राकडे थोडे लक्ष द्या. तुमच्या वडीलधाऱ्यांसही ते रुचेल अशी आशा आहे. कारण तेही या करातून सुटलेले नाहीत.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत एका वैश्य कुळात झाला. वसईजवळचे तर्खड हे कुटुंबाचे मूळ गाव, त्यावरून तर्खडकर हे आडनाव पडले. गावाच्या नावास ‘कर’ हा प्रत्यय लावून आडनाव करण्याची आपली रीत सर्वांच्या परिचयाची आहे. शब्दसिद्धीचा हा धडा तर आपण जन्मतःच नावाबरोबर घेऊन येतो. वडिलांचे नाव पांडुरंग, आईचे यशोदाबाई. ही दोन्ही नावे पुढे एका ग्रंथाच्या निमित्ताने पुन्हा येतील, ती लक्षात असू द्यावीत. दादोबांचे बंधूही नामांकित निघाले. भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात कंपनी सरकारच्या कारभारावर कठोर टीका करणारी पत्रे लिहिली. डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांपैकी एक होत. त्यांची कन्या अन्नपूर्णा हिने १८७८ साली तरुण रवींद्रनाथ ठाकुरांस इंग्रजी संभाषणाचे पाठ दिले, ही गोष्ट बंगाल्यात जितकी ठाऊक आहे तितकी आपल्याकडे नाही. भाषांतर पाठमालेमुळे ज्यांचे नाव घरोघर झाले ते तर्खडकर मात्र निराळे. आडनावाच्या साम्यावरून घोटाळा करू नये.

दादोबांचे इंग्रजी शिक्षण मुंबईस बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत झाले. त्या काळच्या मुलाची स्थिती आज डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे. इंग्रजी शिकावयास बसले की हाती व्याकरणाचे पुस्तक येई. संस्कृत शिकणाऱ्यास पाणिनीपासून चालत आलेली मोठी परंपरा होती. पण ती शास्त्रीपंडितांच्या घराण्यांत जपलेली, इतरांस तिचे दार सहसा उघडत नसे. आणि ज्या भाषेत हा मुलगा आईजवळ जेवावयास मागे, त्या मराठीस शाळेत शिकविता येईल असे व्याकरण तिच्या स्वतःच्या बोलीत जवळजवळ नव्हतेच. मराठी काय, ती येतेच. तिला नियम कशाला, अशी पुष्कळांची समजूत होती. ज्यास नियम नाहीत ते शास्त्रात बसत नाही, आणि जे शास्त्रात बसत नाही ते शाळेत, कचेरीत व दरबारी शिरत नाही, हा त्या समजुतीचा परिणाम. तेव्हा व्याकरणाचे पुस्तक लिहावे की लिहू नये एवढाच हा प्रश्न नव्हता. पुढल्या पिढ्यांनी ज्ञान आपल्या भाषेत घ्यावे की परक्या भाषेच्या दारी उभे राहावे, हा त्याच्या पोटी होता.

आणखी एक अडचण होती आणि ती डोळ्यांना दिसणारी होती. व्यवहाराचे सारे लिखाण मोडीत चाले. मोडी लिहिणारा प्रथम कागदावर आडवी रेघ ओढी आणि मग तिला अक्षरे लोंबकळत जात. शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे लागला हे दाखविणारी मोकळी जागा तीत सोडीत नसत. देवनागरी पोथ्यांचीही तीच गत. ओळ भरली की शब्द जेथे असेल तेथे तुटे व उरलेला भाग खालच्या ओळीवर जाई. वाचणाराने आपल्या ज्ञानाने शब्द वेगळे करावयाचे. ज्यास भाषा येते त्यास हे साधे. पण नवशिक्याने काय करावे? मुद्रणकला आली आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी खिळेजुळाऱ्यास शिशाचा कोरा तुकडा बसवावा लागू लागला, तेव्हा शब्द म्हणजे काय आणि तो कोठे तुटतो हा प्रश्न पंडिताच्या बैठकीतून छापखान्याच्या मेजावर येऊन पडला.

दादोबांच्या पूर्वी या कामास कोणी हातच लावला नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी पोर्तुगीज भाषेत लिहिलेले कोंकणीचे व्याकरण राचोल येथे १६४० साली छापले गेले होते. विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथशास्त्री यांच्या साह्याने मराठीचे व्याकरण इंग्रजीत तयार करून १८०५ साली बंगाल्यात श्रीरामपूर येथे छापले, आणि १८१० साली मराठीचा कोश काढला. हे श्रीरामपूर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे. हुगळी नदीच्या काठचे ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. डॅनिश लोकांनी १७५५ मध्ये तेथे वखार घातली आणि आपल्या फ्रेडरिक राजाच्या नावावरून गावास फ्रेडरिक्सनगर असे नाव दिले. हे नाव जरा निरखून पाहा. राजाचे नाव फ्रेडरिक, मध्ये सांधा म्हणून आलेला ‘स’, आणि शेवटी आपला संस्कृत ‘नगर’. अर्धे डॅनिश, अर्धे हिंदी आणि जोड मात्र पक्की. १८४५ साली डेन्मार्कने ते गाव इंग्रजांस विकले आणि नावही गेले. आपण ज्या वसाहतीत राहतो ते संत तुकाराम नगर त्याच जातीच्या नावाचे, एवढेच की आपण त्याचे तीन तुकडे सुटे लिहितो आणि डेन्मार्कचा मनुष्य तो सगळा एका दमात, एका शब्दात लिहिता.

१८३१ साली मोल्सवर्थ साहेबांचा मोठा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. अशा रीतीने शब्द गोळा झाले होते. परंतु ते मुख्यतः साहेबांस मराठी यावी म्हणून. मराठी मुलास मराठी कळावी म्हणून मराठीतच लिहिलेला विस्तृत ग्रंथ हवा होता. दादोबांनी तो सिद्ध केला आणि ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ या नावाने १८३६ साली प्रसिद्ध केला. वय त्या वेळी अवघे बावीस! त्याच सुमारास बाळशास्त्री जांभेकर आणि गंगाधरशास्त्री फडके यांचीही व्याकरणे निघाली. पण पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चालले आणि पुढच्या वैयाकरणांनी ज्याच्याशी वाद घातला ते दादोबांचेच. ज्याच्याशी शंभर वर्षे वाद घालावासा वाटतो तो ग्रंथ जिवंत असतो.

त्यांच्यापुढे दोन साचे तयार होते. एक इंग्रजी व्याकरणाचा, दुसरा संस्कृताचा. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशा शब्दांच्या ज्या आठ जाती आपण आज घोकतो, त्या मांडणीवर इंग्रजीची छाया स्पष्ट आहे; विभक्ती, संधी आणि समास यांची परिभाषा संस्कृताची. मराठी या दोन्ही अंगरख्यांत नीट मावत नाही. कोठे बाही आखूड, कोठे गळा सैल. पहिल्या आवृत्तीत हे दोष राहिले आणि दादोबांस ते स्वतःसही दिसत होते, याचा पुरावा असा की, १८५० साली दुसरी आवृत्ती काढताना त्यांनी ग्रंथ पुष्कळ फिरवून, वाढवून लिहिला. आपलेच छापलेले पुस्तक मोडून पुन्हा बांधावयास धैर्य लागते.

आता मराठी शब्दांचे सांधे म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडे विस्ताराने पाहू. नाहीतर दादोबांनी कोणते काम अंगावर घेतले याची कल्पना यावयाची नाही.

संस्कृतातून आलेला समास आणि अस्सल मराठी समास यांची चाल निरनिराळी आहे. घोडा आणि दौड मिळून घोडदौड होते. घोड्याचा आकार गळतो. पाणी आणि चक्की मिळून पाणचक्की. येथे ईकार गेला. सोने आणि चाफा मिळून सोनचाफा, एकार गेला. संस्कृतात पाणिनीने असा नियम सांगितलेला नाही, इंग्रजीत तर त्याचा मागमूसही नाही. हा मराठीचा स्वतःचा कायदा आहे, आणि तो घरातल्या आजीबाईस कोणी न शिकविता पाठ असतो. पुरणपोळी म्हणजे पुरण आणि पोळी नव्हे, तर पुरण घालून केलेली पोळी. मधले शब्द पोटात गडप झालेले असतात. वडापावाचेही तेच. उलट चहापाणी म्हणताना चहा, पाणी आणि त्याबरोबरचे आणखी काही, असा पसारा त्यात येतो. पाहुण्यास चहापाणी विचारून नुसते पाणी पुढे केले तर तो समासाच्या जातीवरून भांडण काढील!

दुसरी गोष्ट, मराठी शब्द शेपटीकडूनही वाढतो. ‘शाळेतल्यांनासुद्धा’ हा शब्द घ्या. मूळ शब्द शाळा. प्रत्यय लागण्यापूर्वी तो वाकून ‘शाळे’ होतो. हे त्याचे सामान्यरूप. मग ‘त’, मग ‘ल्या’, मग ‘ंना’, मग ‘सुद्धा’. इंग्रजीत ज्यासाठी चारपाच सुटे शब्द लागतील ते येथे एका शब्दात ओवले गेले. शब्द वाकल्याशिवाय त्यास पुढचा तुकडा जोडता येत नाही, ही मराठीची खूण आहे. परका मनुष्य मराठी बोलू लागला म्हणजे प्रथम येथेच अडखळतो. शाळात, घोडावर, असे काहीतरी म्हणतो आणि मुले हसतात. पण का हसता असे त्या मुलांस विचारले तर उत्तर देता येत नाही. ते उत्तर देणे म्हणजेच व्याकरण.

लांब शब्दांबद्दल युरोपात ज्या भाषांची ख्याती आहे त्यांत डॅनिश ही एक आहे. तिची रीत जाणून घेतली तर आपली अधिक स्पष्ट दिसते. डॅनिश भाषेत दोन, तीन, चार नामे एकत्र आली तरी ती सलग एक शब्द म्हणूनच लिहितात आणि कित्येकदा त्यांच्या मध्ये एक ‘स’ किंवा ‘ए’ सांध्यासारखा ठेवतात. नोकरी नसणाऱ्यास सरकारकडून जी मदत मिळते तिच्यासाठी त्यांचा एक लांबलचक शब्द आहे. त्याचे तुकडे केले तर ‘काम’, मग ‘शिवाय’ या अर्थाचा प्रत्यय, मग भाववाचक प्रत्यय, आणि शेवटी ‘आधार’ या अर्थाचा शब्द, असे निघतात. आता आपला ‘बेकारीभत्ता’ पाहा: बे म्हणजे शिवाय, कार म्हणजे काम, ई हा भाववाचक, आणि भत्ता. सात समुद्रांपलीकडची ती भाषा आणि फारसीचे पाणी प्यालेली आपली मराठी, दोघींनी एकच गरज जवळजवळ एकाच युक्तीने भागविली आहे. डॅनिश छापखान्यात ओळीच्या शेवटी असा शब्द मावला नाही तर तो प्रथम सांध्यावर तोडतात. तेथे हे सोपे जाते, कारण त्यांचे तुकडे एकमेकांस चिकटतात, पण विरघळत नाहीत.

आपल्याकडे ते विरघळतात. विद्या आणि आलय मिळून विद्यालय होते. आता हा शब्द कोठे तोडावा? ‘विद्या’ येथे तोडला तर खाली ‘लय’ उरते, आणि लय म्हणजे नाश किंवा तालाची गती. शाळेशी त्याचा संबंध जोडणे बरे नव्हे. मधला आकार दोन्ही शब्दांच्या समाईक मालकीचा आहे, दोन भावांच्या घरामधल्या एकाच भिंतीसारखा. ती भिंत एकास दिली की दुसऱ्याचे घर उघडे पडते. म्हणून संधी सोडविण्यासाठी नुसती कात्री पुरत नाही. काय मिसळले होते हे ओळखून दोघांस आपापला स्वर परत द्यावा लागतो. तुम्हांस परीक्षेत दोन गुणांसाठी जे करावे लागते ते इतके नाजूक काम आहे.

आणि सांधा नसेल तेथे तोडले म्हणजे काय होते त्याचे उदाहरण आपल्या नित्य पाहण्यातले आहे. पिंपरी-चिंचवडास १९८२ साली महानगरपालिका मिळाली. हा शब्द महा, नगर आणि पालिका असा तुटतो. घाईने वाचणारा मुलगा तो ‘महान’ आणि ‘गर’ असा तोडतो, आणि मग हा कोणत्या फणसाचा गर, असा प्रश्न उभा राहतो. मोडी आणि पोथ्या वाचणाऱ्या जुन्या लोकांस असले प्रसंग पावलोपावली येत असतील.

याहून सूक्ष्म गोष्ट कानाची आहे. घोडदौड या शब्दात लिहिताना चार अक्षरे मोजावी लागतात. कानास मात्र दोनच ठोके ऐकू येतात, कारण ‘ड’ मधला अकार आपण दोन्ही ठिकाणी गिळतो. संस्कृत पंडित तो गिळीत नाही, मराठी शेतकरी गिळतो. भक्त हा शब्द लेखणी ‘भ’ आणि ‘क्त’ असा तोडते, पण जीभ ‘भक्’ आणि ‘त’ असा तोडते. म्हणूनच जोडाक्षराच्या आधीचा ऱ्हस्व स्वर वृत्तात गुरू धरतात; अर्धा ‘क’ त्याच्या पदरात पडलेला असतो. मुले हा नियम पाठ करतात, परंतु त्यामागचे हे साधे कारण सांगितले तर नियम पाठ करावा लागत नाही, असा वर्गातला अनुभव आहे.

दादोबांस या अक्षरगणनेचा प्रत्यक्ष उपयोग एका थोर कवीच्या सेवेत करता आला. मोरोपंतांची ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात आहे. प्रत्येक चरणात सतरा अक्षरे, आठव्यावर यती, आणि त्या मापात बसविलेले लांब लांब संस्कृत समास. बारामतीच्या या पंडितकवीचा शब्द सोडविणे हे कधी कधी गुंतलेले सूत सोडविण्याइतके कष्टाचे होते. दादोबांनी केकावलीवर विस्तृत टीका लिहिली व ती १८६५ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘यशोदा-पांडुरंगी’. आई आणि वडील यांच्या नावांचा द्वंद्व समास करून तो ग्रंथास दिला. वैयाकरणाने केलेले असे मातापितरांचे स्मरण दुसरे आढळात नाही. शिवाय यशोदा ही कृष्णाची माता आणि पांडुरंग हा पंढरीचा देव, असा दुसरा अर्थही त्यातून निघतोच.

आता त्यांच्या बाकीच्या आयुष्याकडे वळू. माळव्यातील जावरा संस्थानच्या नबाबाचे शिक्षक, मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक, नंतर सुरतेच्या शाळेत, असा त्यांचा प्रवास झाला. सुरतेस १८४४ साली दुर्गाराम मेहता यांच्यासह त्यांनी मानवधर्मसभा स्थापन केली. देव एक, मनुष्यजात एक, आणि जातिभेद व अंधश्रद्धा यांस धर्म म्हणू नये, असे तिचे मत. १८४६ मध्ये ते मुंबईस शिक्षक तयार करणाऱ्या शाळेचे प्रमुख झाले. त्यांचे व्याकरण खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत पोचण्यास हे मोठे कारण झाले असले पाहिजे.

मुंबईस १८४९ साली परमहंससभा निघाली, तिचेही दादोबा मूळ पुरुष होत. ही सभा गुप्त होती. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावयाचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावयाचे, म्हणजे जातीचे बंधन तुटले असे समजावयाचे. आजच्या मुलास यात धाडस ते कोणते असे वाटेल. पण त्या काळी हे बाहेर फुटते तर वाळीत पडावे लागे, मुलांमुलींची लग्ने अडत, घरच्या मरणास खांदा देणारा मिळत नसे. सुमारे १८६० मध्ये सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली आणि जी भीती होती ती खरी ठरली, सभा मोडली. गुप्तपणे चालविलेली सुधारणा पहिल्या वाऱ्याबरोबर विझली, असा दोष सभेस पुष्कळांनी दिला आहे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. तथापि पुढे प्रार्थनासमाज उघडपणे उभा राहिला तो याच मंडळींच्या घरांतून. दादोबा स्वतः जन्मभर धर्माचा शोध करीत राहिले. स्वीडनचा तत्त्वज्ञ स्वीडनबोर्ग याच्या ग्रंथांवर त्यांनी इंग्रजीत विचार लिहून १८७८ साली प्रसिद्ध केले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. ख्रिस्ती, हिंदू किंवा दुसऱ्या कोणाही धर्माच्या ग्रंथाकडे त्यांनी तुच्छतेने पाहिल्याचेही दिसत नाही.

१८५२ साली ते शिक्षणखाते सोडून अहमदनगर जिल्ह्यात डेप्युटी कलेक्टर झाले. तेथे भिल्लांचे बंड मोडण्याच्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांस रावबहादूर हा किताब दिला. किताबाच्या कागदावर बंड मोडणाऱ्याचे नाव असते. भिल्लांनी ते का केले, त्यांच्या पोटात काय होते, हे त्यावर लिहीत नाहीत. दादोबांच्या चरित्रातला हा भाग वाचताना त्या दुसऱ्या बाजूचा विसर पडू नये, असे मला वाटते.

त्यांच्या त्या हुद्द्यास आज मराठीत उपजिल्हाधिकारी म्हणतात. व्याकरणकाराच्या पदाचे हे नाव त्यांच्याच शास्त्राने तपासावे असे आहे. उप हा संस्कृत उपसर्ग, जिल्हा हा अरबीतून आलेला, अधिकारी हा पुन्हा संस्कृत. जिल्हा आणि अधिकारी यांच्या मध्ये संस्कृताच्या नियमाने दीर्घ आकार करून संधी केली आहे. कडक पंडित म्हणतील, परक्या शब्दाशी असा संधी करणे अशुद्ध. परंतु लोकांनी तो केला, सरकारने स्वीकारला, आणि आता जिल्हा-अधिकारी असे सुटे म्हणणारासच लोक हसतील. येथे नियम जिंकला की रूढी, याचा निर्णय विद्यार्थ्यांनी वर्गात वाद घालून करावा. तसाच आपल्या परिसरातला एक शब्द आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्या औषधांस मराठीने प्रतिजैविक हा शब्द घडविला. प्रति हा उपसर्ग, मध्ये जीव, शेवटी ‘इक’ प्रत्यय, आणि त्या प्रत्ययाने आरंभीच्या ‘जी’ ची वृद्धी करून ‘जै’ केला. दादोबांच्या आयुष्यात ती वस्तूही नव्हती आणि शब्दही नव्हता. पण शब्द घडविण्याचे हत्यार त्यांच्या पुस्तकात मांडून ठेवलेले होते.

त्यांच्या व्याकरणावर टीकाही पुष्कळ झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी मराठी व्याकरणावर निबंध लिहून त्यांच्या कित्येक मतांचा समाचार घेतला. कृष्णशास्त्री गोडबोले यांनी १८६७ साली स्वतःचे नवे व्याकरण काढले. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात दादोबांपासूनच्या सर्वांची मते एकेक करून तोलली आहेत. टीका झाली म्हणून दादोबा रुसून बसले नाहीत. लहान मुलांसाठी त्यांनी १८६५ साली लघुव्याकरण लिहिले. मूळ ग्रंथाच्या आवृत्त्या निघत राहिल्या. आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, म्हणजे १८८१ साली, त्यांनी व्याकरणाची पूरणिका प्रसिद्ध केली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आरंभिलेल्या कामात जे राहून गेले ते त्यांनी तीत भरून काढले.

त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांनी आपले आत्मचरित्र लिहावयास घेतले होते. ते १८४६ सालापर्यंत येऊन थांबले आहे. परमहंससभा, नगरची कामगिरी, केकावलीवरील टीका, यांतले काहीच त्यात आले नाही. ही हस्तलिखित पाने पुष्कळ वर्षे तशीच राहिली. अखेरीस अ. का. प्रियोळकर यांनी ती संपादून, पुढचे चरित्र आपण लिहून, १९४७ साली छापून काढली.